वाघजाईला नोटीस

ॲडव्होकेट अभय गमरे यांनी आपल्या वकिलीत पुष्कळ लोकांना नोटिसा काढल्या. भाडं थकवणाऱ्यांना काढल्या, बांध कोरणाऱ्यांना काढल्या. एकदा तर सख्ख्या मेहुण्याला काढली आणि संध्याकाळी त्याच्याचकडे जेवायला गेले. पण प्रत्यक्ष देवीला नोटीस काढणारा रत्नागिरीतला पहिला वकील म्हणून आपलं नाव होईल, असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

नोटीस अशी होती: "प्रति, श्रीमती वाघजाई देवी, वय सज्ञान, धंदा शेती व घरकाम, राहणार मौजे कातळवणे, तालुका रत्नागिरी. आमचे अशील श्री. विठू शितप यांना सामायिक मिळकतीचे वाटप करून देण्यास तुम्ही हेतुपुरस्सर टाळाटाळ करीत आहात. तरी पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा तुमच्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल करण्यात येईल व होणाऱ्या खर्चास तुम्ही जबाबदार राहाल."

खाली सही, शिक्का, सगळं रीतसर. देवीचं वय सज्ञान आहे याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घरकामाबद्दल होती.

आता हे झालं कसं, ते सांगितलं पाहिजे. आणि वकीलसाहेबांना सगळे अभयच म्हणतात, तर आपणही अभयच म्हणू.

अभय चव्वेचाळीस वर्षांचा. वडील पोफळीच्या वीज प्रकल्पात कारकून होते. कॉलनीतल्या बुद्धविहारात याची पहिली भाषणं झाली आणि कॉलनीच्याच शाळेत पहिली भांडणंही. याला सनद मिळाली त्या दिवशी वडिलांनी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले, ज्यांच्याशी बोलणं बंद होतं त्यांनासुद्धा. पुढे रत्नागिरीच्या कोर्टात अभयचं बरं बस्तान बसलं. फार मोठं नव्हे. पण बाररूममध्ये खिडकीजवळची खुर्ची त्याची, एवढं.

गेल्या चार-पाच वर्षांत मात्र ती खुर्ची सकाळभर गरम राहायला लागली, कारण उठायचं कामच उरलं नाही. भाडेकरार लोक घरबसल्या करायला लागले. बँकेच्या कर्जासाठी जमिनीचे जुने उतारे शोधायचं काम संगणकावर गेलं आणि संगणकाबरोबर कोल्हापूरला गेलं. परवा एक पोरगेला माणूस आला, त्यानं मोबाईल पुढे केला. "मजकूर आहे ओ साहेब, तुमी फक्त सही-शिक्का मारा." अभयनं मजकूर वाचला. वाईट गोष्ट अशी की मजकूर चांगला होता.

त्यातच पुण्याच्या एका कंपनीनं विचारलं, आमच्याकडे या. घरी बसून संगणकावर करार तपासायचे, महिन्याला ठरलेला पगार. फक्त एक अट होती, आणि ती कंपनीची नव्हे, वकिलीची. पूर्णवेळ नोकरी धरली की सनद बार कौन्सिलकडे जमा करावी लागते. म्हणजे काळा कोट कपाटात आणि खिडकीजवळची खुर्ची दुसऱ्याला. कंपनी म्हणाली, पाडव्यापर्यंत कळवा.

अभयनं मनाशी ठरवलं की आपणही काळाबरोबर जाऊन बघायचं, मग ठरवू. त्यानं एक सॉफ्टवेअर घेतलं. जमिनीचा गट नंबर टाकला की ते सरकारी संकेतस्थळावरून सातबारा उचलायचं, त्यावरची नावं काढायचं आणि प्रत्येकाच्या नावे नोटीस लिहून द्यायचं. पहिला प्रयोग झाला विठू शितपाच्या कामावर. विठू मुंबईच्या गोदीत क्रेन चालवून निवृत्त झालेला माणूस. पालीच्या पुढे आत कातळवण्याला त्याची वडिलोपार्जित जमीन होती, तिच्यात भाऊबंदांची नावं अशी दाटलेली की सातबारा बघून एखाद्याला लग्नाची पत्रिका वाटावी. ज्या कामाला टायपिस्टानं आठवडा खाल्ला असता ते दुपारच्या चहापर्यंत आटपलं. अभयनं चहा जरा जास्तच ऐटीत घेतला.

कोकणातल्या सातबाऱ्यावर जिवंत माणसं कमी आणि मेलेली जास्त असतात, हे त्याला माहीत नव्हतं का? होतं. मधला एक तुकडा देवीच्या नावावर असतो, हेही होतं. पण मशीन चालवताना माणूस मशीनसारखा वागतो.

पालीहून टपाल कातळवण्यात गेलं. पोस्टमननं विचारलं, देवीच्या पाकिटावर सही कोणाची घेऊ? देवळाची पूजाअर्चा बघणारा महिपत गुरव म्हणाला, "माझी घे. दिवा मीच लावतो, टपाल पण मीच घेतो." संध्याकाळी नोटीस देवीसमोर वाचून दाखवली. मग कौल लावला. म्हणजे पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नोटिशीला उत्तर द्यायचं का? डावी पडली. वकिलाला बोलवायचं का? उजवी पडली, आणि महिपतच्या म्हणण्याप्रमाणे, लगेच पडली.

असं उलटं समन्स निघालं. गावाच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिशीचा फोटो पडला आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत बाररूममध्ये पोचला.

"गमरे," ॲडव्होकेट योगिनी बेर्डे चष्मा पुसत म्हणाली, "देवी तारखेला हजर राहिली नाही, तर एकतर्फी हुकूम घेणार का?"

"उलटतपासणी कोण घेणार ते आधी ठरवा," कोपऱ्यातून आवाज आला.

अभय हसला. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

दुपारी विठू शितप आला. तो मात्र हसत नव्हता. छत्री टेबलावर आडवी ठेवून तो उभाच राहिला.

"वकीलसाहेब, मी गोदीत जन्मभर क्रेन चालवली. कधी कुणाच्या डोक्यावर काय पाडलं नाय. तुमी एका पोस्टात अख्ख्या गावाच्या डोक्यावर पाडलंत."

"विठूकाका, बसा तरी."

"माझ्या आज्याला नोटीस काढलीत! तो गेला तेव्हा मी शेंबडा होतो. आणि देवीला? आता शिमग्याला घरात पालखी येईल, तिच्यासमोर मी कुठच्या तोंडानं उभा राहू? माझे कागद द्या परत. दुसरा वकील बघतो."

अभयच्या हातात जी काय चार धड कामं होती त्यातलं हे सगळ्यात मोठं. हे गेलं तर पाडव्याला पुण्याला काय कळवायचं, याचा विचार करायचीही गरज नव्हती. तो म्हणाला, "कागद देतो. पण गावानं मला बोलावलंय ना? शिमग्याला मी येतो. एकदा बोलू द्या. मग तिथूनच कागद घेऊन जा."

विठूनं छत्री उचलली. "या. पण ते मशीन आणू नका."

घरी तेजलनं, म्हणजे अभयच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्या सहानुभूतीतसुद्धा पायऱ्या असतात.

"देवळात जाऊन काय करणार? हात तर जोडणार नाही."

"नाही जोडणार. चूक कबूल करणार."

"कोर्टात कधी केलीत?"

"कोर्टात कोण करतं?"

"मग जमेल का बघा," ती म्हणाली. "आणि नवीन शर्ट घाला. मार बसला तर निदान बरे दिसाल."

मार बसला नाही. शिमग्याच्या दिवसांत कातळवण्यात माणूसच माणूस असतं. एरवी कुलपं लावलेली घरं उघडी, अंगणात मुंबईच्या गाड्या, कातळावर पोरांचं क्रिकेट. अभयनं स्कूटर देवळाबाहेर लावली तेव्हा सभामंडपात शितपांची भावकी जमलेली होती. दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हा गमरे, म्हणजे कोण, कुठल्या वाडीतला, हे न बोलता विचारून झालं. महिपत गुरवानं चटई टाकली आणि म्हणाला, "बसा वकीलसाहेब. देवीनं बोलावलंय, तिची माणसं तुमाला उभं नाय ठेवणार."

अभय बसला. नमस्कार माणसांना केला, गाभाऱ्याकडे फक्त बघितलं. मग म्हणाला, "नोटीस चुकीची होती. मशीननं लिहिली हे खरं, पण सही माझी आहे. मेलेल्या माणसांना आणि देवीला नोटीस जायला नको होती. मी ती सगळ्यांची मागे घेतो."

वकील एवढ्या कमी वाक्यांत थांबतो हे लोकांना नवीन होतं. पुढचं ऐकायला ते थांबून राहिले. पुढचं नव्हतंच.

तेव्हा मागच्या बाजूनं सावित्री शितप उठली. विठूची चुलत वहिनी, सत्तरीची, अंगानं काडी पण आवाजानं मोठी. विठूच्या मते हीच सगळ्या वाटपाची अडचण होती. नवऱ्याच्या जागी वारस लावायला सात वर्षं सही देत नव्हती. तिला जास्त हिस्सा हवा, असा विठूचा हिशोब होता, आणि अभयनंही तो तसाच धरला होता.

"अरे वकिला," तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून पाकीट काढलं, "हे आमच्या ह्यांच्या नावानं आलं. 'हेतुपुरस्सर टाळाटाळ करीत आहात.' ते जाऊन किती शिमगे झाले ठाऊक हाय? आता ते कसली टाळाटाळ करतायत? मी चुलीवर भात ठेवला तरी जेवायला येत नाय, ही एक करतात."

सगळा मंडप हसला. अभयसुद्धा. "काकी, द्या ते पाकीट. तेही मागे घेतो."

"नको." तिनं पाकीट मागे ओढलं. "राहूदे."

अभयच्या डोक्यात इथं काहीतरी अडलं. ज्या कागदावरून ही बाई आत्ता त्याला सोलून काढत होती, तो कागद तिनं घडीची रेघसुद्धा मोडू न देता जपला होता. वकिलाला सवय असते ती समोरच्याला पेचात पकडायची. अभयनं ती गिळली.

"काकी, ठेवायचं कशाला? त्यात तर तुम्हाला शिव्याच आहेत."

सावित्रीनं पाकिटावर बोट ठेवलं. "नाव हाय ना त्यावर. रघुनाथ शितप, पूर्ण. लाईटचं बिल लेकाच्या नावावर झालं. रेशनकार्डावरून काढलं, मतदारयादीतून काढलं. पोस्टमन आता त्यांचं नाव घेऊन कधी येत नाय. परवा आला. मी बाहेर आले तर म्हणतो, रघुनाथ शितप हायत का?" तिनं पाकिटाची कड सरळ केली. "आता सातबाऱ्यावर तेवढं राहिलंय. ते पुसायला मी सही देणार नाय. तुमी दावा घाला."

विठूनं कपाळाला हात लावला. "वयनी, याच्यासाठी अडवलंस? मला वाटलं तुला वरच्या सड्याचा माळ पण हवाय."

"तू विचारलंस कधी? आलास तो कागद घेऊन आलास. इथं सही कर, तिथं सही कर. तुझ्या क्रेनच्या मालासारखी मी."

आता कुठे अभयला सगळं नीट दिसलं. विठूला हवी होती घर बांधायला रस्त्याकडची बाजू. सावित्रीला हवं होतं एक नाव. दोघं सात वर्षं दोन वेगळ्या गोष्टींसाठी भांडत होती आणि मधले सगळे कागद तिसऱ्याच गोष्टीबद्दल होते. त्या कागदांतले निम्मे अभयनंच लिहिले होते.

मग त्याला सातबाऱ्यावरचा एक रकाना आठवला. शेताचं स्थानिक नाव. इतक्या वर्षांत त्यानं हजारो उतारे बघितले, पण त्या रकान्याकडे कधी कामाचं म्हणून बघितलं नव्हतं. बहुतेक ठिकाणी तो मोकळाच असतो.

"रघुनाथकाकांनी त्या जमिनीत काय केलं होतं?" त्यानं विचारलं.

"आंब्याची कलमं बांधली," तीन-चार जण एकदम म्हणाले. "खालच्या अंगाला. पाणी खांद्यावरून नेलं."

"त्या तुकड्याला तुम्ही काय म्हणता?"

"रघूची कलमं. दुसरं काय म्हणणार?"

अभय सावित्रीकडे वळला. "काकी, मालकाच्या जागी वारस लागणार, ते मला टाळता येणार नाही. तुम्हाला खोटं सांगत नाही. पण जमिनीला नाव असतं. वाटणीपत्रात त्या तुकड्याचं नाव 'रघूची कलमं' असं लिहू आणि सातबाऱ्यावर स्थानिक नावाच्या रकान्यात लावायला तलाठ्याकडे अर्ज देऊ. माणसाचं नाव मालकी बदलली की जातं. जमिनीचं जात नाही. उद्या तुमच्या नातवानं विकली तरी रघूची कलमंच."

"विकतोय कशाला!" सावित्री कडाडली. पण पाकीट तिनं मांडीवर ठेवलं होतं.

पुढचं सगळं एवढं गोड झालं नाही. रस्त्याकडची बाजू विठूला म्हटल्यावर कलमांकडे जायच्या वाटेवरून तासभर वाजलं. मुंबईचा एक पुतण्या मध्येच म्हणाला की त्याला बाजारभावानं पैसे हवेत. त्याला त्याच्या आईनंच खाली बसवलं. एक भाचा बोटीवर होता, त्याला फोन लावला तर तो कुठल्याशा समुद्रातून "मला काय पण चालेल" एवढंच बोलला आणि फोन तुटला. देवीचा तुकडा जिथल्या तिथं ठेवायचा, यावर मात्र एकाचंही दुमत झालं नाही. प्रत्येक मुद्दा अभयनं हातानं लिहिला, मोठ्यानं वाचला आणि आधी नको म्हणणाऱ्याला विचारला. संध्याकाळी पालखीचे ढोल ऐकू यायला लागले तेव्हा कागदावर सह्या आणि अंगठे झालेले होते. पक्कं वाटणीपत्र नंतर व्हायचं होतं. पण गावात सगळ्यांसमोर दिलेला शब्द मोडणाऱ्याला पुढच्या शिमग्याला तोंड दाखवणं अवघड जातं, हे कुठल्याही कलमात नसलं तरी सगळ्यांना पाठ असतं.

विठू स्कूटरपर्यंत आला. कागद परत मागायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं, किंवा होतं. "वकीलसाहेब," तो म्हणाला, "दावा घातला असता तर किती वर्षं गेली असती?"

"मुंबईच्या सगळ्यांना समन्स लागेपर्यंतच तुमचा नातू वकील झाला असता."

"आणि इथं सगळे आयते बसलेले."

हे वाक्य अभय पालीपर्यंत स्कूटरवर घोळवत आला. ज्यांना कोर्ट वर्षानुवर्षं शोधतं, ते सगळे वर्षातून तीनदा आपणहून गावात येतात. शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात. नेमकी तेव्हा वकिलांना सुट्टी असते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यानं पुण्याला फोन केला. तिकडची मुलगी फार आदबीनं बोलली, "सर, अशी संधी परत येणार नाही." अभयही आदबीनं म्हणाला, तुमचे मराठी जमिनीचे कागद कधी अडले तर सुटं काम द्या, सनद मात्र मी ठेवतोय. ती विचारून कळवते म्हणाली. अजून कळवलेलं नाही.

फोन ठेवल्यावर तेजलनं विचारलं, "म्हणजे आता माझ्या पगारावर?"

"काही महिने."

"काही म्हणजे?"

"गणपतीपर्यंत."

"ठीक. गणपतीनंतर मी तुम्हाला नोटीस काढीन. वय सज्ञान, धंदा घरकाम."

अभयनं मध्यस्थीचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. तिथं जे शिकवलं त्यातलं बरंचसं सावित्रीनं आधीच अंगावर ओरडून शिकवलं होतं, पण प्रमाणपत्र तिनं दिलं नव्हतं. कातळवण्यातूनच आणखी दोन घरं आली, मग पालीतून, मग देवरूखहून. सगळं काही मिटत नाही. देवरूखचे दोन भाऊ तीन बैठका घेऊन, चहा पिऊन, अभयला धन्यवाद देऊन थेट कोर्टात गेले आणि तिथं सुखात आहेत. मिळकत पूर्वीपेक्षा फार वाढली असंही नाही. पण बाररूममधली खुर्ची आता सकाळभर गरम राहत नाही, आणि मे महिन्यात सगळे वकील आंबे खात घरी असतात तेव्हा हा डोक्याला रुमाल बांधून कुणाच्या तरी कातळावर उभा असतो. ते सॉफ्टवेअरही त्यानं ठेवलंय. फक्त पाकीट बंद करायच्या आधी तो अशिलाला समोर बसवून एकेक नाव वाचतो. "हा जिवंत आहे? ही कुठे असते? हे माणूस आहे ना?"

त्याच वर्षी मे महिन्यात रत्नागिरीच्या नोंदणी कार्यालयात शितपांचं वाटणीपत्र नोंदवलं गेलं. साक्षीदार म्हणून महिपत गुरव आला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात. सावित्रीनं अंगठा दिला, यंत्रानं तो दोनदा नाकारला, तिनं यंत्राला दोन शब्द ऐकवले, तिसऱ्यांदा घेतला. कागदावर "रघूची कलमं" हे शब्द तिनं नातवाकडून दोनदा वाचून घेतले. बाहेर सगळे उसाचा रस प्यायला थांबले तेव्हा महिपतनं अभयला बाजूला घेतलं.

"वकीलसाहेब, सगळ्यांचं मिटलं. देवीचं राहिलं."

"देवीचा तुकडा तसाच आहे काका. गुंठासुद्धा हलवलेला नाही."

"जमिनीचं नाय म्हणत. नोटिशीचं. आमच्याकडे देवीला कुणी उणं बोललं तर तो एक नारळ ठेवतो. लहान असो, मोठा असो. तुमी तर रजिस्टर पोस्टानं बोललात."

अभयनं ग्लास खाली ठेवला. "महिपतकाका, मी देवाला नारळ ठेवत नाही. आमच्याकडे ते चालत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय की. म्हणून शिमग्याला सगळ्यांसमोर नाय काढला विषय."

"तुमच्या घरी आणून देतो. एकाला चार. आमटीत घाला."

महिपतनं त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "नाय. माझ्या आमटीचं देणं नाय तुमच्यावर."

"मग कसं करायचं?"

"काय नाय करायचं. तुमी ठेवू नका, आमी सोडत नाय. देणं राहूदे उभं."

"देवीला घाई नाय रे," सावित्री रसाच्या ग्लासातून म्हणाली. ती एवढ्या लांबून ऐकत होती हे दोघांनाही कळलं नव्हतं.

अभय अजूनही कामानिमित्त कातळवण्याला जातो. महिपत चहा पाजतो, गावात कुणाचं कुणाशी बिनसलंय ते सांगतो. निघताना स्कूटरच्या हँडलवर हात ठेवून म्हणतो, "एक येणं हाय हां."

"मान्य," अभय म्हणतो, आणि स्कूटर चालू करतो.